ओल्या फळ्या आणि तुळजाबाईंची खुर्ची

चेन्नईतल्या आमच्या अड्यारच्या गल्लीतला वेंकोबा तंजावरकडचा मराठी. तमिळमध्ये भांडतो आणि मराठीत माफी मागतो. रेल्वेच्या कारखान्यात सुतारकी करून निवृत्त झाला, आता बहात्तरीत आहे.

गेल्या महिन्यात त्याच्या पत्नी तुळजाबाई पडल्या आणि खुबा मोडला. शेजारच्या अलमेलूकडे कोण आलंय ते बघायला पाटावर चढल्या होत्या. मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका. दसऱ्याला त्या चाकांच्या खुर्चीवरून घरी यायच्या होत्या. पुरानंतर घराचा पाया उंच केल्यामुळे दारात दोन पायऱ्या झाल्या होत्या. खुर्चीला उतार हवा. लोखंडी सांगाडा तयार होता, वर आडव्या फळ्या ठोकायच्या होत्या.

फळ्या आल्या त्या वाळवीचं औषध मारलेल्या, हिरवट आणि चिंब ओल्या. मूठभर भुसा पिळला तर पाणी निघेल अशा.

"दोन आठवडे सुकवायला हव्यात," वेंकोबा म्हणाला.

"मग तुळजावहिनींना पंधरा दिवस दवाखान्यातच ठेव. तुला तेवढाच आराम," मी म्हणालो.

तो हसला नाही. तोंडाला फडकं बांधून त्याने विजेची गोल करवत लावली. तिसऱ्याच फळीत ओल्या लाकडाने पातं आवळलं आणि करवत उसळून मागे आली. लुंगीचा काठ फाटला, पाय वाचला. त्याने प्लग काढला आणि त्या दिवशीचं काम बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. करवतीला हळदकुंकू लागलं, गंध लागलं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. तरी त्याचा हात वळवळत होता. तेवढ्यात दवाखान्यातून तुळजाबाईंचा फोन आला.

"अहो, हात लावलात तर बघा. करवत आज निजलीय."

"आणि तू उद्या येणार त्याचं काय?"

"उचलून न्या. चाळीस वर्षांपूर्वी लग्नात मला उचललीच होतीत ना."

"तेव्हा वजन वेगळं होतं," वेंकोबा म्हणाला. तुळजाबाईंनी फोन ठेवला.

दसऱ्याला सकाळी सहाला त्याने काम सुरू केलं. या वेळी घाई नव्हती. फळी दोन ओंडक्यांवर ठेवायची, कापायचा तुकडा मोकळा खाली पडेल अशी. पातं थोडंच खाली घालून एकदा, मग पुन्हा खोल. काप पुढे गेला की यंत्र थांबवायचं, पातं फिरायचं थांबलं की मागच्या फटीत लाकडी पाचर सरकवायची, म्हणजे लाकूड मिटत नाही. पात्याच्या झाकणात ओला भुसा अडकला की प्लग काढून खरवडायचा. अलमेलूने तुकडे बंबासाठी मागितले.

"जाळू नका, औषधाचा धूर विषारी," म्हणून त्याने पोत्यात भरले.

दहाला शेवटची फळी उरली. त्याने करवत उचलली, दमलेल्या हाताची पकड नीट बसेना म्हणून ती खाली ठेवली. फळी न कापता तशीच ठोकली. एका बाजूला वीतभर बाहेर.

साडेदहाला गाडी आली. सौम्याने, त्यांच्या मुलीने, खुर्ची ढकलली. खुर्ची न अडखळता वर चढली.

"एक फळी बाहेर आलीय," तुळजाबाई म्हणाल्या.

"उद्या कापतो."

वेंकोबा उंबऱ्याशी बसला आणि खुर्ची आत पोचायच्या आधीच भिंतीला टेकून झोपला. त्याला कुणी उठवलं नाही.