पेशीवाल्या वहिनी

पेशीवाल्या वहिनी वीस वर्षं प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना वेळच्या वेळी पोषणद्रव घालत होत्या. एके दिवशी घरी आल्या तर कर्करोगाची गाठ झालेली धाकटी जाऊ गळून पडलेली, आणि दीर ऐटीत सांगू लागले, "वहिनी, ऑपरेशन रद्द! हिला नुसत्या पाण्यावर ठेवलंय. गाठ उपाशी मरेल."

"आले मोठे धन्वंतरी! आमच्याकडे पोषणद्रवाची एखादी खेप चुकली की बऱ्याच पेशी मरतात, भावोजी. पण उरलेल्या चिवट होतात, जागा सोडून पसरायला लागतात. तिथे निदान काचेच्या डिशची भिंत आडवी येते. इथे हिचं अख्खं अंग मोकळं आहे. देवानं डोकं काय टोपीसाठी दिलंय?"

दिरांची मान खाली गेली. वहिनींनी जावेच्या हाती दुधाचा पेला दिला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"ऑपरेशन ठरल्या दिवशीच करा. तिच्या नवऱ्याचा उपासाचा झटका ओसरलाय."