डेक्लनची बोट

डेक्लनला व्यवहाराचं बोलायचं असलं की तो मला तळ्यावर न्यायचा आणि बोट काढायचा. आयर्लंडमधल्या एनिस गावातलं माझं किराणा दुकान त्याच्या जागेत. माझं हत्यार त्याने पहिल्याच भेटीत ओळखलं होतं: सौदा पटला नाही की मी ताडकन उठून चालू लागतो. पुण्याच्या मार्केट यार्डात मी याच जोरावर उभा राहिलो. पण तळ्याच्या मध्यावर उठून जायचं कुठे?

तेव्हा मला डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या ऑफिसांच्या गर्दीत, एक जागा मिळत होती. डेक्लनने दुकानाच्या भाडेकरारातून मोकळं केलं, तरच ती घेता येणार होती.

"सोड मला," मी म्हणायचो.

"आधी मासा," तो म्हणायचा.

ट्राउट मारला की तो लांब चमच्याने त्याच्या पोटातलं काढी आणि पांढऱ्या बशीत पाणी घालून ढवळी. "बघ, गोगलगायी, अळ्या. हा इथलाच. तळाशी हुंगत, निवडून खातो." दुसऱ्याच्या पोटात काटकी, खडा आणि सिगारेटचं थोटूक. "हे साहेब हॅचरीतले, मासे वाढवायच्या केंद्रातले, नुकतेच तळ्यात सोडलेले. टाकीत वरून खाद्याच्या गोळ्या पडायच्या, त्या गिळून वाढले. पाण्यावर काहीही पडलं की धावतात. तुझ्यासारखे. मी 'नाही' म्हणायचा अवकाश, आलास वर!"

मी भडकून उठलो. बोट कलली.

"बस रे बाबा, पाणी गार आहे."

बसलो. करतो काय?

"मग पुढे यांचं काय होतं?" मी चिडूनच विचारलं.

"काही उपाशी मरतात. काही गोगलगायी शोधायला शिकतात. मग ग्रँड, एकदम झकास!"

घरी बायको दारातच विचारायची, "मासा आणलात, सही कुठंय?"

असे किती रविवार गेले. बॉल्सब्रिजची जागा दुसऱ्याने घेतली. डेक्लनला मी ते माफ केलेलं नाही, आणि हे त्याला तोंडावर सुनावायच्या आत तो हृदयविकाराने गेला.

दफनानंतर लोक रांगेने त्याच्या मुलीचा हात हातात घेत होते. माझी पाळी आली. ती म्हणाली, "तुम्हाला हवं तेव्हा दुकान सोडा. बाबांना तुम्हाला कायमचं अडवायचं नव्हतंच. फक्त म्हणायचे, याला सोडलं तर बोटीत माझ्याशी भांडायला कोण येणार?"

माझ्या ओठांवर शिवी आली होती. मागे रांग खोळंबली होती.

"सध्या आहे मी इथेच," म्हणालो आणि बाजूला झालो.