रानबकरा बघायचं प्लॅनिंग

घरात झुरळ दिसलं की मला हाक मारणारा माझा नवरा गेल्या हिवाळ्यात रुसैलच्या फॅक्टरीतून घरी आला तो थेट शिकारीच्या गोष्टी करत. मस्कतचा उकाडा उतरला की पुरुषांना असं काहीतरी होतंच. फॅक्टरीतला एक ओमानी सहकारी डोंगरातल्या गावचा. त्यांच्याकडच्या कड्यांवर ताहर नावाचा रानबकरा असतो, एवढं त्याच्याकडून कळलं आणि सहा मराठी मित्रांची मोहीम ठरली. पुढच्या शुक्रवारी तो ओमानी आमच्याकडे चहाला आला. शिकारीचं ऐकल्यावर त्याने हसत दोन्ही मनगटं जुळवून दाखवली. "शिकार? जेल! खलास!" मग शिकारीचं नुसतं बघणं झालं. डोंगर सरकारचा, मोकळा. तंबू टाका, जनावर लांबून बघा, कोणी अडवत नाही.

मला इतका आनंद झाला की मी कोणालाही न विचारता पुन्हा चहा टाकला.

माझे वडील सावंतवाडीकडच्या आमच्या गावात पारधीला जायचे. रानडुकरं भातात घुसली की गावातली माणसं जमायची. नऊ-दहा वर्षांची मी बॅटरीतले सेल बघायचे, दोर गुंडाळून ठेवायचे, भाकऱ्या फडक्यात बांधायचे. वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, लेंड्या ताज्या की जुन्या, पावलं धावत्या जनावराची की चरत्या, सगळं वडिलांनीच शिकवलं. वेशीपर्यंत सोबतही न्यायचे. तिथे डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "हयसून मागे फिर." एकदा घरातून निघताना मी त्यांना विचारलं, "बाबा, खंय चललात?" निघणाऱ्याला कुठे म्हणून विचारायचं नसतं, हे मला माहीत होतं तरी तोंडातून गेलं. ते रागावले नाहीत. परत येऊन ओटीवर बसले, दोन घोट पाणी प्यायले आणि नव्याने निघाले.

तर आमच्या हॉलमध्ये मीटिंगा सुरू झाल्या. दर वेळी भजी माझी आणि अक्कलही माझीच. एकाला मोठा स्पीकर न्यायचा होता, दुसऱ्याला रात्रभर बार्बेक्यू पेटवायचा होता. तिसरा म्हणाला, अंघोळ नाही तर निदान परफ्यूम तरी हवाच. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, वाऱ्यावर वास गेला तर बकरा तुमच्यासाठी थांबणार आहे का? उजाडायच्या आत वर बसा, वारा तोंडावर घ्या आणि गप्प राहा." ओमानी पाहुण्याने मान डोलावली. "मॅडम को सब मालूम. मॅडम आगे चलेगा." सगळे हसले. मीही हसले आणि माझं जाणं ठरलं असं धरून चालले. दुसऱ्याच दिवशी मातीच्या रंगाचे बूट आणले.

पहिला शुक्रवार कोणाच्या मुलाच्या परीक्षेत गेला. दुसऱ्या शुक्रवारी संकष्टी निघाली आणि चिकनशिवाय डोंगर कसला, म्हणून तोही रद्द. मग एकाची दुक्मला बदली ड्यूटी लागली, पुढच्या आठवड्यात वाद्यांना, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्यांना, पूर येण्याचा इशारा आला. चार वेळा मसाला लावलेलं चिकन मीच घरात रांधून संपवलं. नवे बूट दाराशी तसेच.

पाचव्या गुरुवारी संध्याकाळी फ्रीजवर कागद लागला. दोन गाड्या, कोण कुठे बसणार, कोणाकडे काय सामान. मी तो दोनदा वाचला. माझ्या नावापुढे काही नव्हतं, कारण माझं नावच नव्हतं.

"अगं, सगळे जेन्ट्स आहेत," नवरा म्हणाला. "टॉयलेट नाही, काही नाही. तुलाच ऑकवर्ड होईल."

"मला विचारलंस?"

"आता त्यात काय विचारायचं?"

मी त्याचा डबा भरला. का भरला, याचा मला अजून राग येतो.

शनिवारी दुपारी ते उन्हाने लाल होऊन परतले. बकरा तर सोडाच, त्याचं शेपूटही दिसलं नव्हतं. "तिथे काही नाहीच गं," नवरा म्हणाला. त्याच्या कपड्यांना कोळशाचा आणि परफ्यूमचा वास येत होता. मग मात्र मी भांडले. बकरा दिसला नाही म्हणून नव्हे. वडिलांनी मला वेशीवरून परत पाठवलं तेव्हा गावाची रीत होती, ते स्वतः त्या रीतीत अडकलेले होते. या डोंगराला तर कसलीच रीत नव्हती, तो कोणाच्या बापाचाही नव्हता. तरी मला मागे फिरवणारं माणूस माझ्याच घरात निघालं. बोलताना मला रडू आलं, याचीही चीड आली.

दोन दिवसांनी ओमानी सहकारी आमचा बर्फाचा डबा परत द्यायला आला. दारातच म्हणाला, "मॅडम क्यों नहीं आया?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो चपला सरळ करायला लागला.

"उधर औरत के लिए मुश्किल है ना," मी म्हटलं.

त्याला कळेचना. "मेरा मम्मी रोज जाता उधर. बकरी लेके. तुम आओ, वो ले जाएगा."

पुढच्या शुक्रवारी पहाटे मी बूट घातले, गाडीची किल्ली घेतली. नवरा डोळे चोळत बाहेर आला. "कुठे चाललीस?"

मी पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसले आणि दोन घोट पाणी प्यायले. आपण काय विचारलं ते त्याच्या लक्षात आलं असावं. मी उठले तेव्हा त्याने दार उघडून धरलं.

त्यांच्या गावाच्या वेशीशी डांबर संपलं तिथे माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर काठी आणि बकऱ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. तिने माझ्या बुटांकडे बघितलं, डोंगराकडे हात केला आणि पाऊल उचलत म्हणाली, "यल्ला!"