धाकटी घरातच राहील

मला दोन नाती. मोठी नर्सिंग शिकून घरी आलेली, धाकटी आठ वर्षांची. धाकटीला ऑटिझम आहे. हा शब्द माझ्या जिभेवर बसायला वेळ लागला, पण आता बसला आहे आणि कोणी विचारलं तर मी तोच सांगते. "थोडी मंद आहे", "बोलेल हळूहळू", असलं गुळमुळीत मला जमत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. शहाद्याजवळच्या गावात कापूस आणि केळी यांतच माझा जन्म गेला. धाकटी दोन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळायची नाही. ऐकू येत नसेल म्हणावं, तर मागच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायची. मिक्सर लावला की कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. भाकरीला भाजीचा रस लागला तर ती भाकरी तिला चालायची नाही. गावाने आपापलं निदान केलं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं ग्रहण पाळलं नाही, कोणी म्हणालं हातात मोबाईल दिला. कोणी काहीही म्हणालं तरी बोट माझ्या सुनेकडेच.

नंदुरबारला दवाखान्यात अशा मुलांना शिकवणारी एक बाई आहे. सून किंवा मी धाकटीला एसटीने तिच्याकडे नेतो. बाईने पहिल्याच भेटीत सांगितलं, हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही, औषधाने जाणार नाही, मेंदूची घडण वेगळी आहे. आपल्याला मिक्सरचा आवाज नुसता येतो, तो हिला लागतो. आणि आईच्या हातून काहीही चुकलेलं नाही. हे ऐकून सून तिथेच रडायला लागली. मी विचारलं, "मग आम्ही करायचं काय?" बाई म्हणाली, "एक काम निवडा. रोज त्याच रीतीने, लहान लहान तुकडे करून शिकवा."

मी काम निवडलं, आल्या माणसाला पाणी देणं. आमच्याकडे माणूस दारात आला की आधी पाणी, मग बोलणं. पहिल्यांदा तिला रिकामा पेला नुसता धरायला शिकवलं. मग तो माझ्या हातात द्यायला. मग अर्धा भरून. किती पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं ते विचारू नका. तिला एक गोष्ट नीट समजावी लागायची, काम संपलं कधी. म्हणून मी ठरवून दिलं, पेला रिकामा होऊन परत हातात आला की संपलं. वर्ष गेलं, पण ती शिकली. दूधवाला, पोस्टमन, शेजारीण, जो येईल त्याला पाणी. तोंडाकडे बघत नाही, पण पेला बरोबर हातात देते.

मग मोठीला पाहायला पाहुणे यायचे ठरले. पत्रिका जुळली होती, मुलगा सुरतेला नोकरीला होता. सून दोन दिवस आधी माझ्याजवळ येऊन बसली.

"माय, ऐतवारले पाव्हना यी ऱ्हायनात. धाकलीले तवलगून शेजारनीकडे ठेवूत."

"काबर? तिले काय खरूज व्हयेल शे का?"

"मोठीनं लगीन मोडी जाई, माय. लोके काय म्हनतीन?"

"ती मन्ही नात शे, चोरीना माल नही दपाडाले."

माझा मुलगा तिथेच होता. तो बायकोकडे बघून मान हलवायचा, माझ्याकडे बघूनही मान हलवायचा. शेवटी मोठीनेच निकाल लावला. म्हणाली, "आई, ती जर शेजारी गेली, तर मीपण तिच्यासोबत तिथेच बसते. पाहुण्यांना तू पोहे दे आणि तूच पसंत पडून घे." सून चिडली, पण हसूही आलं तिला.

रविवारी मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा आले. मामा आल्यापासून कापसाच्या भावावर बोलत होते. धाकटी पाणी घेऊन आली. एकेकाला पेला दिला, एकेकाचा परत घेतला. मामांनी मात्र दोन घोट पिऊन पेला खाली ठेवला आणि पुढे बोलू लागले. तिने तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुन्हा खाली ठेवला. तिने पुन्हा दिला आणि समोरून हलेना. सुनेचा चेहरा पांढराफटक.

मी म्हणाले, "दाजी, पेई टाका. नही तं संध्याकाळलगून उभी ऱ्हाई ती."

मामा घटाघटा पाणी प्यायले. धाकटीने रिकामा पेला घेतला आणि आत निघून गेली. पाहायला आलेला मुलगा तोंड फिरवून हसला. माझी छाती मात्र फुगली होती. भर पाहुण्यांत, अनोळखी आवाजांत पोरीने काम अर्धवट सोडलं नव्हतं.

मुलाच्या आईने हळूच विचारलं, "पोरगी बोलस नही का?"

"थोडी बोलस. ऑटिझम शे तिले. जन्मपाईन."

"हाई रक्तमा ऱ्हास का?"

"ऱ्हाई बी शकस, नही बी. कागदवर लिखी देवाले मी काय डॉक्टर नही."

पाहुणे पोहे खाऊन, कळवतो म्हणून गेले. चार-पाच दिवसांनी लग्न जुळवणाऱ्या भाऊंचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका जुळत नाही! सून माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. माझं जेवणाचं ताट मात्र वेळेवर यायचं, आदळून.

मोठीला मी विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, "मुलगा बरा होता, आजी. थोडं वाटलं." खोटं बोलली नाही, ते मला आवडलं.

गेल्या महिन्यात भाऊंचा पुन्हा फोन आला, दुसरं स्थळ आहे म्हणून. सून अंगणात उभी राहून बोलत होती, मी खाटेवर होते. भाऊ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. सुनेचं आलं.

"भाऊ, पहिले आयकी ल्या. मन्ही धाकली पोरले ऑटिझम शे. ती घरमाच ऱ्हाई, पाव्हनास्ना समोर. हाई त्यास्ले आज सांगा, आनि मंग ईचारा येतस का." थोडं थांबून ती म्हणाली, "नही, भाऊ, नंतर नही. पहिले."

एवढं स्वच्छ तर मलाही बोलता आलं नसतं. ते येतील की नाही, अजून कळलेलं नाही.