मागच्या सीटवर बसून गोरेगावकडे

माझं उजवं मनगट मोडलं ते स्टुलावरून पडून. संक्रांतीच्या आधी घरातली जळमटं काढत होतो. गावात मात्र सगळ्यांना वाटलं, मी मोटारसायकलवरून पडलो, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. आडवाटेनं गाड्या फिरवणारा माणूस म्हणून मी शिकवतो त्या शाळेतल्या मुलांमध्ये माझं थोडं नाव होतं. ते स्टुलापायी घालवायची इच्छा नव्हती.

प्लास्टर निघालं तेव्हा वसमतच्या आसपास हळद शिजवायला सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने हँडल धरायचं नाही. नेमकी त्याच महिन्यात आमची मोठी फेरी ठरलेली होती. आम्ही तिघं, म्हणजे मी, बी-बियाण्यांचं दुकान चालवणारा माझा मित्र आणि हिंगोलीहून येणारा मेहुणा, महिन्यातून एका रविवारी निघायचो. शक्यतो डांबरी रस्ता धरायचा नाही, पांदणी आणि गाडीवाटांनी जायचं, एवढाच नियम. माझी बायको माझ्या मागं बसायची. या वेळी हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळ तिच्या माहेरी जायचं होतं.

"आता रद्दच करावं लागंल," मित्र आमच्या ओट्यावर बसून म्हणाला.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "रद्द काहून? मी चालवते की."

मित्र हसला. "वहिनी, ही स्कूटी न्हाई."

मेहुणा हसला नाही. "मला गाडी कुणी शिकवली वाटते तुमाला? ताईनंच शिकवली."

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं. दोघं गेल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा तिनं कप विसळता विसळता सांगितलं. ती बारावीला असताना तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना गाडी चालवायला मनाई होती. दीड वर्ष रोज सकाळी मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन बांधून तीच गोरेगावला जायची.

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी इचारलं कधी? बघायला आलते तेव्हा इचारलं, पुरणपोळी येती का. मी सांगितलं, येती."

माझी गाडी उंच आहे. नांदेडहून जुनी घेतलेली, जाड खाचांच्या टायरची. बायकोचे पाय जमिनीला जेमतेम बोटांनी टेकायचे. शाळेच्या मैदानावर दोन संध्याकाळी तिनं सराव केला. थांबताना कंबर एका अंगाला सरकवून एकच पाय पक्का टेकवायचा, हे तिचं तिनंच शोधलं. मी कडेला उभा राहून सूचना देत होतो. त्यातली एकही तिला लागत नव्हती.

रविवारी सकाळी निघालो. तिनं सलवार-कमीज आणि वर माझं जुनं जॅकेट घातलं होतं. मागच्या सीटवर बसताना हात कुठे ठेवायचे, हे मला पहिल्यांदाच कळेना. तिच्या खांद्यावर ठेवले तर रस्त्यानं लोक बघतील असं वाटलं, म्हणून मागची दांडी डाव्या हातानं घट्ट धरून बसलो. शेताशेतांत कढयांखाली जाळ लागला होता, ओल्या हळदीचा वास नाकात बसत होता. त्या वाटेनं मी शंभरदा गेलो असेन. पण चालवताना फक्त खड्डे दिसतात. त्या दिवशी मला लोकांचे चेहरे दिसले. ते आमच्याकडेच बघत होते.

पहिल्या चहाला थांबलो. कुणी काही विचारायच्या आत मी पट्टी बांधलेलं मनगट वर केलं. "हात मोडलाय, म्हणून." पेट्रोल पंपावर तेच. औंढ्याच्या अलीकडे एका हॉटेलात फेटेवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय पाव्हणं, बाईच्या मागं?" मी पुन्हा हात वर केला. म्हातारा समाधानानं मान हलवून चहा पिऊ लागला.

पुढे माळाच्या चढावर ती मान न वळवता म्हणाली, "एक इचारू? मी गाडी चालवते, तर तुमी लोकायची माफी काहून मागून राहिले?"

"मी कुठं माफी मागितली?"

"सकाळपासून तीन येळा."

कयाधू नदीच्या काठापर्यंत आम्ही गप्पच होतो. एवढ्या जवळ बसून इतकं गप्प राहणं फार जड जातं. समोर तिची पाठ होती आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता. एरवी माझ्या मागं ती किती वेळा अशी गप्प, पाठीकडे बघत बसली असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

नदीला पाणी पोटरीएवढंच होतं. मित्र नेहमीप्रमाणे पुढे होता. त्यानं गाडी न थांबवता पाण्यात घातली. मध्यावर मागचं चाक शेवाळावरून घसरलं, गाडी आडवी झाली, तोही पाण्यात बसला. लागलं काही नाही, पण इंजिन बंद पडलं. मेहुणा धावत गेला आणि दोघांनी मिळून गाडी ढकलत पलीकडे नेली.

बायकोनं गाडी अलीकडेच थांबवली आणि उतरली. काठावर एक धनगर जोडपं मेंढरांना पाणी पाजत होतं, दोघंही साठीच्या पुढची. तिनं म्हातारीला विचारलं, "आज्जी, कुठून जावं?"

"खालून जा माय. वर शेवाळ हाय. आमची मेंढरं खालूनच जातेत."

बायको अनवाणी पाण्यात उतरून पलीकडपर्यंत चालत गेली, पायानं तळ चाचपून परत आली. मग मला म्हणाली, "तुमी चालत या."

मी पँट दुमडून निघालो. ती माझ्या बाजूनं पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस देत येत होती. मध्ये एका दगडावरून पुढचं चाक सरकलं. मी धरायला पुढे झालो.

"हात लावू नका!" ती ओरडली. लग्नानंतर ती माझ्यावर अशी कधीच ओरडली नव्हती. मी जागीच थांबलो. तिनं दोन्ही पाय खाली सोडले, हँडल सरळ केलं आणि पाणी उडवत काठावर चढली. मी मात्र पाण्यातच उभा होतो. भीती होती, अभिमान होता आणि थोडी असूयाही होती. मला ते इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

मेहुणा आपली गाडीही खालच्या वाटेनं आणून आता मित्राच्या गाडीचा प्लग काढून पुसत होता. मित्र दगडावर बसून मोजे पिळत होता. तोवर म्हातारा-म्हातारी मेंढरं घेऊन पलीकडे आली. म्हाताऱ्यानं मला विचारलं, "बाई कोण हाय तुमची?"

"बायको," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगली चालवते."

म्हातारी गाडीभोवती एक चक्कर मारून आली. सीटवर हात फिरवला. "मला बसवती का एकदा?"

म्हातारा लाजून नदीकडे बघू लागला. "काय लावलंय हे येडं," तो पुटपुटला. पण मी आणि मेहुण्यानं आधार दिला आणि म्हातारी मागं बसली. बायकोनं काठाकाठानं सावकाश एक मोठी फेरी मारली. म्हातारीनं तिचे खांदे दोन्ही हातांनी गच्च धरले होते, पदर उडत होता, त्यांचं कुत्रं भुंकत मागं पळत होतं. उतरल्यावर बायकोनं विचारलं, "कसं वाटलं?"

म्हातारी जरा विचार करून म्हणाली, "मेंढरं लई लहान दिसतेत वरून."

आम्ही सगळेच हसलो. म्हातारासुद्धा हसला. तिथून माहेरापर्यंत मी मागची दांडी सोडून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोन-तीन गावं लागली. लोक बघत होते, तर बघत होते.

हात मे महिन्यात पूर्ण बरा झाला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीनं किल्ली उचलली आणि पुढे बसलो. ती मागं जाऊन बसली. औंढ्याच्या पुढे माझ्या लक्षात आलं, आज सकाळपासून मागून एक शब्द आलेला नाही. गाडी कडेला घेतली.

"हात दुखून राहिला का?" तिनं विचारलं.

"न्हाई. तू घे."

ती उतरली आणि पुढे येऊन बसली. आता आम्ही अंतर वाटून घेतो. मी अजूनही चांगला मागं बसणारा झालेलो नाही. वळणावर नसलेला ब्रेक पायानं दाबतो, ते तिला कळतं आणि ती चिडते.

मित्र आता पाण्यात शिरण्याआधी उतरून बघतो. आम्ही त्यावरून त्याला चिडवत नाही.

माझ्या मनात मात्र अधूनमधून येतं, इतक्या वर्षांत मी आणखी काय काय विचारलेलं नाही. परवा एका धरणाच्या काठी डबा खाताना मी एकदम विचारलं, "तुला पोहता येतं का?"

तिनं तोंडातला घास संपवला. "न्हाई," ती म्हणाली. "पण शिकायचं हाय."