तुळशी ओरडली आणि विमान उतरलं

चामटोलीत तुळशीचा आवाज घराचा नव्हता, अख्ख्या गावाचा होता. तिनं अंगणातून नवऱ्याला "ओ जनूऽऽ" अशी हाक घातली की पलीकडच्या आळीतला भलताच जनू जेवण टाकून उठायचा. "अगं, मी हितंच बसलेय, कल्यानला नाय," असं सासू पुतळाबाई दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. लग्नाच्या वेळी पाहुण्यांसमोर फक्त मान हलवायची, असं आईनं तिला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे जनूला बायकोच्या आवाजाचा पत्ता लागला तो थेट वरातीत. टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरनं मांडवाचा खांब पाडायला घेतला आणि नवी नवरी अशी ओरडली की बँडवाले वाजवायचे थांबले.

अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला लागली तेव्हापासून तुळशी आवाज घरी ठेवून जायला शिकली. कारखाना लहान होता. मालक लेखराजशेठ सिंधी, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले. बॉयलर आणि रंगाच्या टाक्या किती तापल्या ते लाल आकड्यांत दाखवणारे डिजिटल मीटर तिथं बनायचे. तुळशी दिवसभर त्यांचं सोल्डरिंग करायची. तिथं ती इतकी हळू बोलायची की चहावाला तिला मुकी समजायचा आणि दया येऊन तिच्या चहात साखर जास्त घालायचा. तिनंही त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

चौऱ्याण्णवची दिवाळी उरकली आणि कारखान्यात कॅप्टन बाळाजी सबनीस आले. राहायला बदलापूरला. मालवाहू विमानं चालवून निवृत्त झालेले, पण जमिनीवर करमत नव्हतं. म्हणून त्यांनी दोन माणसांचं एक चिमुकलं विमान घेतलं होतं आणि कर्जतच्या पुढे एका मित्राच्या शेतातल्या मातीच्या धावपट्टीवरून ते उडवायचे.

"त्यातली ती काट्यांची घड्याळं नकोत मला," ते शेठना म्हणाले. "काटे एवढे थरथरतात की वाचणाराही थरथरतो. तेलाचा दाब, इंजिनाचं तापमान, पेट्रोल, बॅटरी, सगळं एकाच डबीत पाहिजे. लख्ख आकड्यांत."

"साईं, बॉयलर काय, विमान काय," लेखराजशेठ म्हणाले. "गरम तो दोनों होतात. भीमराव बनवून देगा."

भीमराव हा तिथला इंजिनियर, अंबरनाथचाच. माणूस असा सावध की बाहेर ऊन आहे की नाही हेसुद्धा मीटर लावून सांगेल. त्यानं आकृत्या काढल्या, तुळशीनं जोडणी केली आणि संक्रांतीच्या आत डबी तयार झाली. काळ्या पट्टीवर चार ठिकाणी लाल आकडे. तुळशीला ती फार आवडली. बॉयलरच्या मीटरपेक्षा हे चार टाके जरा देखणे घातलेत, असं तिचं स्वतःचं मत होतं.

पण पहिल्या उड्डाणानंतर कॅप्टन आले ते कुरकुरतच. "आकडे झकास आहेत हो, पण बघतो कोण? वर गेलं की माणूस डोंगर बघतो."

मग भीमरावनं धोक्याची पिपाणी बसवली. इंजिनाच्या आवाजात ती कॅप्टनना ऐकूच गेली नाही. शेवटी त्यानं बोलणारी चिप आणली. तिच्यात काही सेकंद आवाज भरून ठेवायचा. इंजिन तापलं की तो पायलटच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजणार. आवाजासाठी शेठनी आपल्या सुनेला बोलावलं. उमा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. ती इंग्रजीत अगदी गोड बोलली, की कृपया इंजिनाच्या तापमानाकडे लक्ष द्यावे.

कॅप्टन डबी घेऊन पुन्हा आले. "भीमराव, वर तुमची ती बाई बोलली. मला वाटलं चहाला बोलावतेय. मी थँक यू म्हटलं आणि पुढे गेलो."

आता कडक आवाज शोधणं आलं. भीमराव नवी चिप लावून माईक तपासत बसला. रेकॉर्डिंगचा दिवा लागलेला. एका हातात वायर, दुसऱ्या हातात सोल्डरिंगचा तापलेला रॉड, आणि नजर भलतीकडेच. रॉड टेकला तो थेट त्याच्या बाहीला. धूर निघाला. समोर बसलेल्या तुळशीनं तो पाहिला आणि घरी ठेवलेला आवाज चामटोलीहून धावत आला.

"अरं, तापलाय तो! ठेव खाली! आधी खाली ठेव, मेल्या! मरशील ना!"

भीमरावच्या हातून रॉड गळाला. बाहेर चहावाल्याच्या हातून किटली गळाली. त्याला धक्का दुहेरी होता, कारण मुकी बोलली होती.

तुळशी शरमेनं लाल झाली. इंजिनियर माणसाला मेल्या म्हणाली होती ती! "चुकलं, साहेब," ती एवढ्याशा आवाजात म्हणाली. भीमराव जळकी बाही घेऊन नळाकडे पळाला होता. तेवढ्यात डबी न्यायला कॅप्टनचा ड्रायव्हर दारात आला. शेठनी टेबलावरची डबी बघितली, चिप बसवलेली बघितली आणि "हे घे, रेडी आहे" म्हणून त्याच्या हातात दिली.

भीमराव परतला तेव्हा टेबल मोकळं होतं.

"तुळशीताई, डबी?"

"शेठनी दिली."

"चिपसकट?"

भीमरावनं बदलापूरला फोन लावला. कॅप्टन सकाळीच कर्जतला गेले होते, ड्रायव्हर डबी घेऊन तिकडेच जाणार, आणि त्या धावपट्टीवर फोन नव्हता.

त्या रात्री तुळशीनं ताट बाजूला सारलं. "नोकरी गेली आपली," तिनं जनूला सांगितलं. जनू जांभूळ गावच्या पाणीकेंद्रात पंपावर होता. दिवसभर पंपाची घरघर ऐकून तो घरी कुणाचं काही ऐकायच्या मनःस्थितीत नसायचा. "कनची नोकरी?" तो म्हणाला.

दोन दिवसांनी कॅप्टनची जीप फाटकाशी थांबली. तुळशी टेबलामागे जमेल तेवढी लहान झाली. कॅप्टनच्या बुटांना माती होती आणि कोपराला पट्टी. ते सरळ मधोमध येऊन उभे राहिले.

"डबीतली बाई कोण?"

लेखराजशेठ खुर्चीमागे सरकले. मग तुळशीच उभी राहिली. लपायचं तरी कुठं?

"मी हाय."

"तुम्ही? पुन्हा बोला. ती नाही वाटत."

"मीच हाय!" ती ओरडली.

कॅप्टनचे डोळे चमकले. "तीच!" मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. डोंगराच्या अंगानं मजेत चालले होते. अचानक कानात कुणीतरी किंचाळलं, तापलाय तो, ठेव खाली! "अहो, विचार करायला वेळच नाही मिळाला. हात आपोआप चालले. भात कापून मोकळं झालेलं शेत दिसलं, तिथं ठेवलं खाली! बांधाला चाक अडलं आणि कोपर सोलवटलं, तेवढंच. उघडून बघतो तर इंजिनाची पाण्याची नळी निसटलेली. आणखी थोडा वेळ वर राहिलो असतो तर इंजिन बसलंच असतं, आणि खाली जंगल."

"पर साहेब, मी तुमाला मेल्या म्हनलं."

"म्हणून तर ऐकलं! आता तेल, पेट्रोल, बॅटरी, सगळं याच आवाजात पाहिजे."

पण माईकसमोर बसवल्यावर तुळशी पुन्हा मुकी झाली. "तेलाचा दाब कमी झाला आहे," ती पाठ केल्यासारखं पुटपुटली. भीमरावनं पाणी दिलं. शेठनी "डरो मत, साईं" म्हणून हातवारे केले. कशाचाच उपयोग होईना. अखेर भीमरावलाच सुचलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं जनूला बोलावून तिच्यासमोर खुर्चीत बसवलं.

"फक्त ताईंचं ऐकायचं," भीमराव त्याला म्हणाला.

"तेल बघ," तुळशी म्हणाली.

"कनचं तेल?" जनू खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"अरं, तेल कमी झालंय! बघ आधी!"

"बघतो गं."

"आत्ता बघ! मग काय, मेल्यावर बघशील?"

भीमरावनं घाईघाईनं बटण सोडलं. पेट्रोल आणि बॅटरीही अशीच उरकली. जनूला फारसं काही करावं लागलं नाही. तो रोज वागतो तसाच वागला.

पुढे कॅप्टननी ती डबी तीन वर्षं वापरली. त्यांची बायको मोतीबाई एकदा मुद्दाम कारखान्यात आली आणि तुळशीचा हात हातात घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं मी सांगतेय, माझं एक ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. घरासाठी पण एक डबी करून दे की." भीमरावनं ते गंभीरपणे घेतलं आणि तापमान किती ठेवायचं असं विचारलं.

तुळशी स्वतः विमानात एकदाच बसली. वरून तिला चामटोली दिसली, अंगणातल्या पुतळाबाई दिसल्यासारख्या वाटल्या. उतरल्यावर तिचा चेहरा फुलला होता. तेव्हापासून तिनं कारखान्यात पुटपुटणं सोडून दिलं. चहावाल्यानं साखर कमी केली, तर तिनं टेबलावरूनच त्याला ऐकवलं.

अठ्ठ्याण्णवला कॅप्टनच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि विमान दक्षिणेतल्या एका हौशी माणसाला विकलं गेलं. थोड्या दिवसांनी त्याचा कारखान्यात फोन आला. भीमरावनं घेतला. तो माणूस हिंदीत विचारत होता की डबीतली बाई नक्की काय बोलते, कारण त्याला मराठी येत नाही.

"मग तुम्ही काय करता?" भीमरावनं घाबरून विचारलं.

"ती ओरडली की मी खाली उतरतो आणि सगळंच तपासतो," तो म्हणाला. "पण कशाबद्दल माफी मागायची, तेवढं कळलं तर बरं."