हळदीचा खोकला

"टीबी न्हाई ना, साहेब?" आईनं विचारलं.

नांदेडच्या दवाखान्यात आम्ही बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन बसलो होतो. बायोप्सी म्हणजे सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं.

"नाही आई, टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. आई माझ्याकडे बघून हसली. टीबी निघाला तर आपलं पाण्याचं भांडं वेगळं करतील, एवढीच तिला भीती होती. डॉक्टर हसले नाहीत. आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "फुप्फुसाचा कॅन्सर आहे. अ‍ॅडिनोकार्सिनोमा." आई अजून हसतच होती.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून दवाखान्यातलं सगळं मला कळतं असं घरच्यांना वाटतं. मला फार कळत नाही. पण जे आमच्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, ते लिहावंसं वाटतं.

औंढ्याजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात वाळलेली हळद ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. आई त्याच कामाला जायची. ड्रम फिरला की पिवळी धूळ उडते आणि सगळ्या बाया खोकतात. हळदीचा खोकला, असंच म्हणतात त्याला. काम संपलं की तोही जातो.

गेल्या वर्षी सगळ्यांचा गेला. आईचा नाही.

मग आवाज घोगरा झाला. सोबत काम करणाऱ्या कमलमावशी म्हणाल्या, "काहून गं सुमन, गळ्यात ड्रम बसवला का?"

"व्हय, तुह्यासारख्या बहिरीसंग वरडून वरडून बसला."

दोघी हसल्या. मीही हसले.

खांदा दुखू लागला, तर टोपल्या उचलून. ब्लाउज सैल झाले, तर उन्हाळा बाधला. चालताना दम लागला, तर वय झालं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं. पोळ्याच्या सुमारास थुंकीत लाल रेघ दिसली. आई म्हणाली, पान खाल्लं. तिनं पान खाल्लं नव्हतं.

मी तिला दवाखान्यात नेलं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला नाही. त्या दिवशी घरी शिरा केला. पण औषधं घेऊनही खोकला हटेना. एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसला, तेव्हा आम्हाला नांदेडला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "बिडी, तंबाखू?"

"शिवलीबी न्हाई कधी."

"न ओढणाऱ्यांनाही हा आजार होऊ शकतो," ते म्हणाले. मग त्यांनी आईला दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावायला सांगितली. मध्ये बारीक फट दिसायला हवी. माझ्या बोटांत दिसत होती. आईच्या नाही.

"याला क्लबिंग म्हणतात. बोटांची टोकं फुगतात. सगळ्यांना होत नाही, आणि झालं म्हणजे कॅन्सरच असंही नाही. पण दिसलं तर छाती तपासायची."

"हळदीनं फुगली असतील," आई म्हणाली.

"हळद बोटं रंगवते आई, फुगवत नाही."

ती बोटं मी रोज बघत होते. पिवळी म्हणूनच बघत होते.

रिपोर्ट मिळाला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तिला खरं सांगितलं. तिनं रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "भांडं येगळं न्हाई ना ठेवावं लागत?"

"न्हाई."

"मंग बरं."

आजार दुसऱ्या फुप्फुसातही गेला होता, म्हणून ऑपरेशन नाही. आई रोज गोळ्या घेते. डॉक्टर म्हणाले, "आजार बरा होईल असं मी म्हणणार नाही. आवरून धरू." दर काही महिन्यांनी सीटी स्कॅन असतो. त्याआधी घरात कुणी नीट जेवत नाही.

यंदा ड्रम पुन्हा सुरू झाला. आई कामाला जात नाही, लांब लिंबाखाली बसते. परवा नवी आलेली एक सून खोकत होती. बाया म्हणाल्या, "लागला गं हिलाबी हळदीचा!"

आईचा आवाज आता तिथवर पोचत नाही. ती उठली, धाप लागेपर्यंत चालत गेली आणि ड्रम बंद करायला लावला.

"कव्हापासून हाय?"

"दिवाळीपासून, काकी."

दिवाळीला हळद अजून शेतात असते. कुणीच हसलं नाही. आईनं तिचे हात हातात घेऊन उजेडाकडे धरले.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेला आईच तिच्यासोबत गेली. मी येते म्हटलं तर म्हणाली, "तू कालेजात जाय. मला म्हाईत हाय, काय इचारायचं ते."